मर्दाची जबान आणि माझी उसण

मैदानावर मी दिवसातून किती वेळा ‘मर्द’ म्हणतो, हे पूर्वी कुणी मोजायला बसला असता तर मी त्याला मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावल्या असत्या. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. छावणीच्या बाजूला एका शाळेत पंचवीस वर्षं शिट्टी फुंकतोय. ‘मर्दासारखा उभा राहा’, ‘मर्द हायस ना, मग रडतो काय’, ‘छाती पुढं, मर्द दिसला पाहिजे’ ही वाक्यं माझ्या तोंडून विचार न करताच निघायची. गुडघा फुटलेलं पोरगं डोळे पुसून पुन्हा रांगेत उभं राहिलं की मला वाटायचं, घडवला आणखी एक. काय घडवलं ते देव जाणे.

आमच्या भागात या शब्दाला तोटा नाही. निजामाचं राज्य गेलं, पण त्याची भाषा आमच्या तोंडात राहिली. मर्द, मर्दानगी, मर्दुमकी हे शब्द पिशोरला, आमच्या गावच्या शिवारात औत हाकणाऱ्या माणसालाही परके वाटत नाहीत. पण तिन्ही शब्द एकाच कामाचे नाहीत. मर्द म्हणजे चारचौघांत पाठीवर पडणारी थाप. मर्दानगी म्हणजे जिच्याबद्दल कुणीतरी शंका घेतली आहे अशी गोष्ट. शंका नसेल तर तो शब्द कुणी उच्चारतच नाही. आणि मर्दुमकी इतिहासाच्या पुस्तकात लढाईत गाजवतात, पण घरात हा शब्द मी फक्त बायकांच्या तोंडून ऐकला. लहानपणी मी कुणाचं तरी डोकं फोडून आलो की आई चुलीपासून न उठता म्हणायची, “आला का मर्दुमकी गाजवून? आता हातपाय धू.” तिच्या लेखी त्या सगळ्या पराक्रमाचा शेवट हातपाय धुण्यात होता.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ‘मर्द असशील तर’ असं म्हणून कुणी त्यापुढं शहाणपणाचं काही बोलल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. मर्द असशील तर विहिरीत उडी मार, मर्द असशील तर त्याच्या कानाखाली वाजव, मर्द असशील तर ही अख्खी मिरची खा. मर्द असशील तर ताप आल्यावर डॉक्टरकडं जा, असं कोण म्हणतं? मर्द असशील तर बायकोला विचार, असं तर कोणीच म्हणत नाही.

आता मिशीबद्दल सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं. माझी मिशी भरघोस होती, टोकं वर वळवलेली. दर रविवारी छावणीतल्या माझ्या न्हाव्याकडं मी ती नीट करून घ्यायचो. तो आरसा मागं-पुढं धरून म्हणायचा, “सर, मुछां तो बस तुमारेच हैं, बाकी सब घास है.” हे वाक्य तो सगळ्यांनाच ऐकवत असणार. तरी मी दर रविवारी ते ऐकायला जायचो, हे कबूल केलेलं बरं.

शहरात आता कुणी मानत नाही, पण आमच्याकडं गावात बाप जिवंत असताना मिशी उतरवत नाहीत. बाप गेला की दहाव्याला डोकं आणि मिशी दोन्ही जातात. एखादा पोरगा गुळगुळीत होऊन आला की म्हातारी माणसं आधी विचारतात, बाप गेला का रे? म्हणून आमच्या पुरुषांची सगळ्यात मोठी पैज म्हणजे ‘नाही झालं तर मिशी उतरवीन.’ ही पैज मोठी असते आणि सोयीचीही, कारण ती पुरी करायची वेळ सहसा कुणी आणत नाही.

माझी एकच मुलगी. बारावीला होती तेव्हापासून तिला नर्स व्हायचं होतं. हे खूळ तिच्या डोक्यात एकाएकी शिरलं नव्हतं. ती पायाळू आहे, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाते, असं आमच्याकडं मानतात. त्यामुळं ती पाच-सहा वर्षांची असल्यापासून पिशोरला गेलं की बाया आपल्या अवघडलेल्या पाठी घेऊन यायच्या, ओट्यावर पालथ्या पडायच्या आणि ही आपला एवढासा पाय त्यांच्या पाठीवर ठेवायची. मोठ्या माणसाला पाय लागला म्हणून नंतर वाकून नमस्कार करायची. नववी-दहावीत ती आम्हाला सांगायला लागली की पायात काही नसतं, पण पाठ कुठं आखडलीय ते तळव्याला बरोबर कळतं, तिथं दाबलं की मोकळं होतं. पुढं तिनं नर्सिंगच्या परीक्षेचं नाव काढलं तेव्हा मीच तिच्याबरोबर बसून फॉर्म भरला, पहिली पसंती नागपूरची टाकली. डोक्यावर हात ठेवून म्हणालो, “जिथं नंबर लागेल तिथं जा.” हा शब्द मी घरात दिला होता. तिथं तिची आई सोडून दुसरं कुणी साक्षीला नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात पिशोरला भावकीतलं लग्न होतं. जेवणं झाली, बायका मांडवात आवराआवर करत होत्या आणि आम्ही पुरुष आमच्या घराच्या ओट्यावर पानं लावत बसलो होतो. आबा, म्हणजे माझे वडील, भिंतीला टेकून बसले होते. माझ्या चुलतभावानं विषय काढला.

“मास्तर, पोरगी नागपूरला जानार म्हनं?”

“नंबर लागला तर जाईल.”

“नर्स व्हायला? लोकायचं अंग पुसायला?”

दोघंतिघं हसले. मी म्हणालो की ते चांगलं शिक्षण आहे, नोकरी पक्की असते. त्यानं माझं बोलणं संपू दिलं नाही. “नोकरीचं सोड. घरात कुनाचं चालतं ते सांग. का मिशी नुसती दाखवायला ठेवली?”

इथं मी हसून पान तोंडात घालायला हवं होतं. रोज शंभर पोरांना मी ‘डोकं शांत ठेवा’ म्हणून सांगतो. पण हसणारी माणसं समोर होती आणि त्यांतला एकजण माझ्या मिशीकडं बघत होता. मी मिशीवर हात ठेवला आणि म्हणालो, “माझी पोरगी माझ्या शब्दाभाईर नाय. ती कुटं जात नाय. गेली तर हीच मिशी उतरवून या ओट्यावर ठेवीन. मर्दाची जबान हाय!”

सगळे वा वा म्हणाले. फक्त आबा भिंतीला टेकल्या टेकल्या बोलले, “आरं, मी आजून जित्ता हाय. माह्यावर कशाला आनतो?”

मग तर फारच हशा पिकला. मीही हसलो. चार महिन्यांपूर्वी पोरीच्या डोक्यावर ठेवलेला हात तोच होता, हे मला त्या क्षणी आठवलंही नाही. आठवलं असतं तर मी काही वेगळं बोललो असतो, असंही छातीठोकपणे सांगता येत नाही.

घरी येऊन मी यातलं काही बोललो नाही. मनात म्हणालो, नंबर कशाला लागतोय एवढ्या लांब? पण पोळ्याच्या आठवड्यात नंबर लागला. नागपूरच्याच एका सरकारी कॉलेजात. तीन दिवसांत स्वतः जाऊन मूळ कागदपत्रं दाखवायची आणि प्रवेश पक्का करायचा, नाहीतर जागा पुढच्याला. पोरीनं मोबाईल माझ्यासमोर धरला. बायकोनं देवापुढं साखर ठेवली. मीही पोरीला पेढा भरवला. हा पेढा मी कोणत्या तोंडानं भरवला, कोण जाणे.

संध्याकाळी चुलतभावाचा फोन आला. बायकोनं कौतुकानं आपल्या बहिणीला सांगितलं होतं आणि बातमी तिकडून गावात पोचली होती. “मास्तर, अभिनंदन! मंग मिशीचं कसं करता? न्हावी धाडू का?” मागून आणखी कुणीतरी खिदळल्याचा आवाज आला. मी म्हणालो, “कोन म्हनतो ती चालली?” आणि फोन ठेवला.

सकाळी मला उसण भरली.

म्हणजे भरली नव्हती. मी अंथरुणातून उठताना ‘आई गं’ केलं आणि परत पडलो. पोरीला तोंडावर ‘जाऊ नको’ म्हणायची माझी छाती नव्हती, आणि गावाला ‘जाणार’ म्हणून सांगायचीही नव्हती. मग मधला हा रस्ता सापडला. दुखणं निवडतानाही माझी अक्कल बघा. घरात पायाळू पोरगी असताना मी ताप नाही, पोटदुखी नाही, उसणच निवडली. मैदानावरच्या माणसाला तेच दुखणं शोभतं असं वाटलं असावं.

बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, “अहो, मग मी जाते तिला घेऊन. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.” मी कण्हत म्हणालो, “आणि मला उठवून बसवणार कोण?” पोरगी म्हणाली, “पप्पा, मी एकटी जाते. सकाळच्या बसनं जाईन, तिथं मैत्रिणीची मावशी आहे.” मी म्हणालो, “एकटी? नागपूरला? वेडी झालीस का? मला बरं वाटू दे, मीच नेतो. अजून दोन दिवस आहेत.” कागदपत्रांची फाईल माझ्या कपाटात होती आणि किल्ली माझ्या उशीखाली. ती कुणी मागितली नाही. मागितली असती तर मी काय केलं असतं, याचा विचार आजही मला करवत नाही.

मग पोरगी माझ्या सेवेला लागली. विटेचा तुकडा तव्यावर तापवून, फडक्यात गुंडाळून शेकायची. कडुलिंबाचं तेल आणलं. उशी कुठं ठेवायची, कुशीवर कसं वळायचं, सगळं तिनं कुठून कुठून वाचून ठेवलं होतं. नर्सिंगच्या कॉलेजात जी जायला हवी होती ती पोरगी माझ्या न दुखणाऱ्या पाठीची शुश्रूषा करत होती आणि मी डोळे मिटून ती करून घेत होतो. दर थोड्या वेळानं विचारायची, “आता कमी आहे का?” मी म्हणायचो, “थोडं.” थोडं म्हणण्यात माझा हिशोब होता. फार कमी झालं तर उठावं लागलं असतं, आणि काहीच कमी झालं नाही तर तिनं डॉक्टर आणला असता.

बायको पहिल्या दिवशीच म्हणाली होती, “तिचा पाय लावून घ्या की.” नाही म्हणायला कारण नव्हतं. मी पालथा झालो, तिनं भिंतीचा आधार घेऊन उजवा पाय कमरेच्या वर ठेवला, हलकेच दाबला, मग वाकून माझ्या पायांना हात लावला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मात्र या वेळी तिनं बराच वेळ पाय ठेवला आणि दोन-तीन ठिकाणी चाचपून बघितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा तिनं बाहेर जायचे कपडे घातले होते. अजूनही निघालो असतो तर दुपारपर्यंत नाही, पण कॉलेज बंद व्हायच्या आत पोचण्याची थोडी आशा होती. तिनं पाय ठेवला. कितीतरी वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, “पप्पा, अंग तर मऊ आहे.”

मी उशीत तोंड खुपसून म्हणालो, “आत दुखतंय. आत.”

तिनं पाय काढून घेतला. नमस्कार केला नाही. दरवाजा हळूच लोटून बाहेर गेली आणि थोड्या वेळानं तिची आई आत येऊन म्हणाली, “कपडे बदलून भांडी घासत बसलीय.” तिला कळलं होतं. तिला कळलंय हे मलाही कळलं होतं. तरी संध्याकाळपर्यंत मी पडून राहिलो, कारण लगेच उठलो असतो तर फारच उघडं पडलं असतं.

चौथ्या दिवशी माझी पाठ बरी झाली. मी शाळेत गेलो आणि आठवीच्या पोरांकडून जोर काढून घेतले.

पुढच्या वर्षी तिनं परत परीक्षा दिली नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, “नको पप्पा.” इथंच शहरात तिनं रक्ततपासणीचा दोन वर्षांचा कोर्स केला. आता एका लॅबमध्ये नोकरी करते, सकाळी स्कूटीवर घरोघरी जाऊन नमुने गोळा करते. काम चांगलं आहे, ती ते चोख करते. पण लॅबमध्ये एखादी नर्स आली की ती तिच्याशी फार वेळ बोलते, असं तिची आई एकदा मला म्हणाली. मी पेपर वाचत होतो. मी पुढचं पान उलटलं.

गावात मात्र माझी किंमत वाढली होती. ‘मास्तरनं शबूद पाळला’ असं म्हणायचे. चुलतभाऊ तर दुसऱ्यांना माझं उदाहरण द्यायचा. मी मान डोलवायचो. ज्या पाठीत कधी दुखलंच नव्हतं तिच्यावर थापा पडत होत्या.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. वय झालं होतं, झोपेतच गेले. दहाव्याला नदीकाठी न्हाव्यानं माझं डोकं केलं आणि मग दोन फटक्यांत मिशी उतरवली. दोनच फटके. मी ओलं तोंड हातानं चाचपलं. वाईट वाटलं ते आबांसाठी, मिशीचं काहीच वाटलं नाही. महिना-दीड महिन्यात ती परत येणार हे मलाही माहीत होतं आणि न्हाव्यालाही. जी वस्तू दीड महिन्यात परत येते ती वाचवायला मी पोरीची जागा घालवली होती, हे तिथं पाण्याच्या कडेला माझ्या डोक्यात शिरलं आणि मी खाली बसलो. लोकांना वाटलं, बापाच्या दुःखानं बसलो.

शहरात परत आल्यावर मला चक्कर यायला लागली, म्हणून पोरगीच म्हणाली, सकाळी उपाशीपोटी रक्त घेते. ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. दंडाला पट्टा बांधला, म्हणाली, “मूठ आवळा.” मी मूठ आवळली. ती शीर शोधत होती, तिचं सगळं लक्ष माझ्या हातावर होतं. मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

“त्या वेळी मला उसण भरली नव्हती,” मी म्हणालो.

“माहीत आहे. हलू नका.”

सुई आत गेली. नळीत रक्त चढू लागलं. मी विचारलं, “मग तू बोलली का नाहीस? आईला सांगायचंस, भांडायचंस. फाईल घेऊन निघून जायचंस.”

“मूठ सोडा आता.” तिनं सुई काढली, कापूस दाबला आणि माझाच दुसरा हात धरून त्यावर ठेवला. मग म्हणाली, “निघालेच होते. तिसऱ्या दिवशी तुमच्याकडून किल्ली मागायलाच आत आले होते. म्हटलं, पाय लावते आणि सांगते की काही झालेलं नाही तुम्हाला, द्या किल्ली.”

“मग?”

“तुम्ही थरथरत होता, पप्पा. पाठ सगळी थरथरत होती. दुखण्यानं असं होत नाही. एवढा मोठा माणूस इतका भ्यायलेला मी कधी बघितला नव्हता. कशाला भ्यायलाय तेच मला कळेना. वाटलं, मी आता बोलले तर यांना काहीतरी होईल.” ती नळीवर माझं नाव लिहीत होती. “मिशीचं मला नंतर माझ्या मावशीनं सांगितलं. तेव्हा मात्र फार रडले. एवढ्याशा गोष्टीसाठी, म्हणून.”

मी थरथरत होतो हे मला माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं पोरांच्या अंगातली भीती लांबून ओळखणारा मी, माझ्याच पाठीतली मला कळली नव्हती. मला तिच्यासमोर बसवेना आणि उठवेनाही. म्हणालो, “मी आता मिशी ठेवत नाही. कधीच ठेवत नाही.”

ती नळ्या डबीत लावत होती. वर न बघता म्हणाली, “ठेवा की. आता मिशीचा आणि माझा काय संबंध?”

त्यात राग नव्हता. राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. ती हात धुऊन आली, मला चहा दिला आणि पुढच्या घरचा नमुना घ्यायला निघून गेली.

मैदानावर मी तो शब्द आता वापरत नाही. सवयीनं ओठांवर येतो, मी शिट्टी फुंकतो आणि गिळून टाकतो. पोरांना फरक पडलेला दिसत नाही. पण परवा वर्षश्राद्धाचं बोलायला पिशोरला गेलो, तेव्हा त्याच ओट्यावर चुलतभाऊ नव्या जावयाला माझी ओळख करून देत होता, “हे आमचे मास्तर. मर्दाची जबान म्हंजे काय, ते ह्यायला इचारा.” जावई कौतुकानं माझ्याकडं बघत होता. सांगायला सगळं तोंडाशी आलं होतं: पाठ, किल्ली, तिचे बाहेर जायचे कपडे. मी हसलो आणि पान घेतलं. पोरीला मी खरं सांगितलंय, इथं लिहिलंही आहे. त्या ओट्यावर बसलेल्या पाच-सहा माणसांना सांगायची मात्र मला अजूनही भीती वाटते.